सातबाऱ्यावर नाव आहे, मग वाद कसला?

प्रश्न थोडक्यात असा: "मी रत्नागिरीत लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. मालकी, ताबा, दाव्याचं कारण, मुदत, प्राङ्न्याय हे शब्द वर्गात एकामागून एक येतात. पाठ होतात, पण डोक्यात बसत नाहीत. सर म्हणाले, सातबारा हा मालकीचा पुरावा नाही. घरी बाबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, पन्नास वर्षं आपलं नाव आहे, कोण काय करणार? कुणाचं खरं? आणि दिवाणी कायदा शिकायला सुरुवात नेमकी कुठून करू?"

मी सिंधुदुर्गात तालुक्याच्या कोर्टात एकतीस वर्षं दिवाणी कामं करतो आहे. ज्युनिअर मुलामुलींना अरे-अगं करायची सवय आहे, तुलाही तसंच बोलतो.

तुझे सर बरोबर आहेत आणि बाबाही फारसे चुकलेले नाहीत. फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. आमच्याकडे पक्षकार येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगतो, "वकीलसाहेब, सातबाऱ्यार माझां नाव आसा, मगे तो कोण आडवणारो?" त्या एका वाक्यात तीन गोष्टींची खिचडी असते. ती निवडायला शिकलीस की दिवाणी कायद्याचा अर्धा पाया झाला असं समज. मी कागदावर तीन रकाने पाडतो: मालकी, ताबा, नोंद. पक्षकार जे जे सांगेल ते यांतल्या कुठल्या रकान्यात जातं ते लिहीत जातो. तासाभरात कळतं, कुठला रकाना रिकामा आहे.

नोंद म्हणजे सातबारा, आठ-अ (खातेदाराचा उतारा), फेरफार (नाव बदलल्याची नोंद). हे महसूल खात्याचे कागद. शेतसारा कुणाकडून वसूल करायचा यासाठी ते जन्माला आले. फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्या वेळा सांगितलंय की आता वेगळा निकाल शोधायची गरज पडू नये. म्हणून सर बरोबर. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १५७ असंही म्हणतं की अधिकार अभिलेखातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. म्हणजे नाव असलेल्या माणसाला एक पाऊल पुढून सुरुवात मिळते आणि उलट सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर पडतं. ते पाऊल बाबांचं. परीक्षेत हे दोन्ही लिही. बहुतेक मुलं एकच लिहितात.

मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वारसा, वाटप अशा मार्गांनी. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखत लागतं. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, त्याने मालकी जात नाही. इथेच एक जुनं तत्त्व येतं: जे स्वतःचं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. चार भावांच्या सामाईक जमिनीतला एक भाऊ फार तर आपला हिस्सा विकू शकतो. सबंध सर्व्हे नंबर विकल्याचं खरेदीखत त्याने करून दिलं, त्यावर मुद्रांक लागला, नोंदणी झाली, फेरफारही मंजूर झाला, तरी उरलेल्या तिघांचे हिस्से जिथे होते तिथेच राहतात.

ताबा ही तिसरी आणि सगळ्यात कमी समजलेली गोष्ट. कायदा मालकीइतकीच ताब्याची राखण करतो, कधीकधी मालकाविरुद्धसुद्धा. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ (Specific Relief Act) चं कलम ६ बघ. कायद्याचा मार्ग न धरता कुणी तुला जागेवरून हुसकावलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवता येतो आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्न निघतच नाही. हुसकावणारा खरा मालक असला तरी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा अन्याय वाटला होता. मग एकदा मे महिन्यात एका गावात कोयते निघालेले पाहिले आणि कलम ६ कशासाठी आहे ते समजलं.

आता कोकणातलं रोजचं उदाहरण घे. दोन भाऊ. एक गावात, दुसरा मुंबईत गिरणीत, नंतर त्याची मुलं डोंबिवलीत. गावातल्याने तीस वर्षं एकट्याने आंब्याची कलमं राखली, सारा भरला, घराची कौलं परतली. तो म्हणतो, बारा वर्षांच्या वर माझा ताबा आहे, आता जमीन माझी. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ६५ मध्ये बारा वर्षं आहेत हे खरं. पण ती बारा वर्षं ताबा मालकाच्या हक्काला उघड विरोध करणारा झाल्यापासून मोजतात. सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. मुंबईकर भाऊ गणपतीला येतो, त्याच घरात उतरतो, जाताना तांदळाचं पोतं आणि आंब्याची पेटी घेऊन जातो, तोवर विरोध आहे कुठे? "तुझा इथे काही हक्क नाही" असं उघड सांगून त्याला बाहेर काढलं, हे तारखेनिशी सिद्ध करावं लागतं. तीस वर्षं सारा भरल्याच्या पावत्या असल्या तरी त्या तेवढ्यासाठी पुरत नाहीत. आणि असा विरोधी ताबा खरोखर सिद्ध झाला, तर त्यावर बचावच काय, दावाही करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात सांगितलं.

हे तीन रकाने लक्षात ठेवून एक पूर्ण वाद बघू. वाद मी रचलेला आहे, पण असा एक तरी दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर येतो.

वरचं घर आणि खालचं घर, चुलत भावांची. आजोबांच्या पश्चात वाटप झालं, डांबरी रस्त्याकडचा भाग वरच्याला आणि खाडीकडचा कलमांचा भाग खालच्याला. रस्त्यावरून खाली यायला वरच्याच्या खळ्याच्या कडेने चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आहे. वरचा निवृत्त होऊन मुंबईहून गावी आला आणि चतुर्थीच्या आधी पाखाडीच्या तोंडावर त्याने गडगा, म्हणजे चिऱ्यांची भिंत, घातला. खालच्याला आता व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, जावं लागतं. पावसात ते जमत नाही आणि एप्रिलात आंब्याच्या पेट्या डोक्यावरून न्याव्या लागतात.

खालचा आधी पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याला सांगितलं, "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." लोक याला टोलवाटोलवी समजतात. कधीकधी ती असतेही. पण वाक्याचा अर्थ नीट घे. फौजदारीत राज्यसंस्था विचारते, गुन्हा झाला का आणि शिक्षा कुणाला? दिवाणीत एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, माझा अमुक हक्क आहे, तो तू मोडलास, मला तो भरून दे. गडगा काढला जावा एवढीच खालच्याची गरज आहे. भावाला कोठडीत घालून त्याच्या पेट्या रस्त्यावर पोचणार नाहीत.

मग तो माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "रस्ता माझा आहे." इथे मी त्याला थांबवतो. रस्त्याखालची जमीन वाटपात वरच्याला गेली, म्हणजे मालकी वरच्याची. खालच्याचा हक्क आहे तो दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा. त्याला सुविधाधिकार म्हणतात आणि त्यासाठी १८८२ चा वेगळा कायदा आहे. त्यात असा हक्क मिळवायच्या वाटा बऱ्याच आहेत, या वादात दोन कामाच्या. पहिली वहिवाटीची. उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्काने वीस वर्षं वापर. 'हक्काने' हा शब्द अधोरेखित कर. "काका, जरा तुमच्या खळ्यातून जाऊ का?" असं विचारून पन्नास वर्षं गेलीस तरी ती परवानगीच राहते, तिचा हक्क होत नाही. दुसरी वाट गरजेची. एकच मिळकत वाटपाने तुटली आणि एका तुकड्याला दुसऱ्यातून गेल्याशिवाय मार्गच उरला नाही, तर तो हक्क कलम १३ खाली वाटपाच्या दिवशीच जन्मतो, वीस वर्षं थांबावं लागत नाही. पण दुसरा रस्ता झाला, गरज संपली, की हा हक्कही संपतो. पंतप्रधान सडक योजनेतून खालच्या अंगाला रस्ता आला आणि चांगला चाललेला दावा कमजोर झाला, असं मी पाहिलंय.

आणि इथेच नवखे वकील पडतात. दाव्यात एका परिच्छेदात लिहितात, जमीन अजून सामाईक आहे, आणि पुढच्यात लिहितात, वीस वर्षांच्या वहिवाटीने सुविधाधिकार मिळाला. सुविधाधिकार हा व्याख्येनेच दुसऱ्याच्या जमिनीवर असतो. स्वतःच्या जमिनीवर तो असूच शकत नाही. उलटतपासात समोरचा वकील एवढंच विचारतो, "ही जमीन तुमचीपण आहे ना?" तुझा पक्षकार अभिमानाने हो म्हणतो आणि सुविधाधिकार तिथेच संपतो.

हक्क ठरला, आता कुठे जायचं? दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ चं कलम ९ हे दार आहे: दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा दिवाणी कोर्ट चालवील, कायद्याने तो स्पष्टपणे किंवा गर्भितपणे वर्ज्य केला नसेल तर. या 'नसेल तर'मध्ये कोकणातले निम्मे वाद अडकतात. अमुक माणूस कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आहे का, हा प्रश्न दिवाणी कोर्ट स्वतः ठरवू शकत नाही. कुळकायद्याचं कलम ८५ आडवं येतं आणि तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. बाहेरच्या वकिलांना हे तांत्रिक वाटतं. आपल्याकडे 'कूळ' या शब्दामागे खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता, आहे, १९३३ ला अलिबागजवळच्या चरीला सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप आहे, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती नष्ट करण्याचं विधेयक आहे आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आहे. जमिनीचा जुना कागद हातात आला की मी आधी हे बघतो, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसत कोण होतं.

पाखाडीच्या वादात खालच्याला दोन दारं उघडी आहेत. शेतजमिनीच्या वाटेला अडथळा केला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. तिथे काम तुलनेने लवकर होतं, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. दुसरं दार दिवाणी कोर्टाचं. मिळकत जिथे आहे तिथल्याच कोर्टात दावा. वरच्याची मुलं ठाण्यात राहतात म्हणून दावा ठाण्यात होत नाही.

मग मागायचं काय? कोर्ट सहसा न मागितलेलं देत नाही. खालच्याने फक्त "माझा जाण्या-येण्याचा हक्क आहे असं ठरवून द्या" एवढंच मागितलं तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ चं परंतुक, म्हणजे त्यातली अट, दाव्याला खीळ घालतं. पुढचा दिलासा मागणं शक्य असताना तो न मागता नुसता हक्क जाहीर करून मागता येत नाही. म्हणून तीन मागण्या लागतात. हक्क जाहीर करा, गडगा काढायचा आज्ञार्थक हुकूम द्या, पुढे अडवू नये म्हणून कायमची मनाई द्या. मालकीबद्दल गंभीर वाद असताना नुसत्या मनाईचा दावा कधी चालतो आणि कधी नाही, हे अनथुला सुधाकर या २००८ च्या निकालात फार स्वच्छ मांडलंय. पहिल्या वर्षातच वाच, भाषा सोपी आहे.

मुदतीबद्दल एकच गोष्ट मनावर कोर. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदतीबाहेरचा दावा कोर्टाने फेटाळायचाच असतो, हे मुदत कायद्याचं कलम ३. अपिलाला उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते, मूळ दाव्याला ती सोय नाही. हातउसने पैसे दिले, तीन वर्षं गेली, की "देतो, देतो" या तोंडी आश्वासनाला किंमत नाही. मुदत संपायच्या आत लेखी, सहीनिशी कबुली मिळाली तरच नव्याने मोजणी सुरू होते. गडग्यासारख्या अडथळ्यात 'अन्याय रोजच चालू आहे, म्हणून मुदत रोज नव्याने सुरू' असं म्हणायचा मोह होतो. त्याआधी आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराज संस्थान आणि पुजारी यांच्यातला १९५९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघ. अन्याय एका दिवशी पुरा झाला आणि फक्त त्याचे परिणाम चालू राहिले, तर तो चालू अन्याय नव्हे, असा फरक तिथे केला आहे.

दावा दाखल होतो. वादपत्रात 'दाव्यास कारण अमुक रोजी घडले' असं एक वाक्य असतं. मुलं ते साच्यातून उतरवतात. खरं तर हक्क आहे आणि तो मोडला, हे दाखवणारी सगळी तथ्यं मिळून दाव्याचं कारण होतं. तारीख हे त्याचं एक टोक. प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. प्रत्यक्षात काय होतं ते तू कोर्टात येऊन बघच.

दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो. आपल्याकडच्या कोर्टात त्याला सगळे 'निशाणी ५' म्हणतात, कारण फाइलमध्ये तो त्याच क्रमांकावर लागतो. इथे न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी केस आहे का, मनाई दिली किंवा नाही दिली तर जास्त गैरसोय कुणाची, आणि पैशांनी भरून न निघणारं नुकसान आहे का. तिन्ही लागतात. पण खालच्याची अडचण अशी की गडगा आधीच उभा आहे. 'जैसे थे' मागितलं तर गडगाही जैसे थे राहतो! दाव्याआधीची स्थिती परत आणायचा अंतरिम हुकूम मिळू शकतो, पण त्यासाठी केस प्रथमदर्शनीपेक्षा बरीच भक्कम लागते. म्हणून मी पक्षकारांना सांगतो, चिरे उतरले त्याच दिवशी या, गडगा कमरेएवढा झाल्यावर नको.

पुरावा. फौजदारीत संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. दिवाणीत कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय, एवढं पुरतं. जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करायचा. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ एक जुलै २०२४ पासून लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व तेच. दिवाणी प्रक्रिया संहितेला मात्र त्या बदलांनी हात लावलेला नाही, हे इतक्या मुलांना माहीत नसतं की आश्चर्य वाटतं.

पाखाडी जुनी आहे हे सिद्ध कसं करायचं? साक्षीदार सगळे भावकीतले, निम्मे एकीकडचे, निम्मे दुसरीकडचे. अशा वेळी कोर्ट कमिशनर, म्हणजे पाहणीसाठी कोर्टाने नेमलेला माणूस, जागेवर जातो. मी स्वतः कमिशनर म्हणून अशा एका जागेवर उभा राहिलोय. पाखाडीच्या पायऱ्यांचे चिरे काळे पडलेले, मधोमध पावलांनी खळगे झालेले, फटींतून शेवाळ. आणि तोंडावरचा गडगा ताज्या लाल चिऱ्यांचा, खाणीतली हत्याराची खूण अजून दिसणारी. मी अहवालात एवढंच लिहिलं: चिऱ्यांचा रंग, खळग्यांची खोली, पायऱ्यांची संख्या, गडग्याची लांबी आणि उंची. रस्ता जुना आहे असं लिहिलं नाही. ते ठरवणं कमिशनरचं काम नव्हे. पण तो अहवाल वाचल्यावर दोन्ही वकिलांचे आवाज खाली आले.

दाव्यात जे लिहिलं नाही त्याचा पुरावा कितीही दिला तरी उपयोग नाही. हे तत्त्व मी माझ्याच चुकीतून शिकलो. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका बागेच्या ताब्याचा दावा मी जिंकला. मिळकतीचं वर्णन मी जुन्या खरेदीखतावरून जसंच्या तसं उतरवलं होतं: पूर्वेस अमक्याचं भात, पश्चिमेस व्हाळ, दक्षिणेस तमक्याची वई (कुंपण). सोबत नकाशा जोडला नाही. हुकूमनामा झाला, त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली आणि बेलीफ (कोर्टाचा कर्मचारी) आला. आम्ही जागेवर उभे. पूर्वेचा अमका मरून वीस वर्षं झालेली, त्याच्या भातात काजू लागलेले. दक्षिणेची वई कुणीतरी सरकवलेली. हिस्सा नंबर पडून पोटहिस्से झालेले. बेलीफ बिचारा मला विचारतोय, "साहेब, ताबा नेमका कशाचा देऊ?" मला उत्तर देता आलं नाही. हुकूमनाम्यातली लेखनातली चूक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्त होते, पण दाव्यातच ओळख पटण्यासारखं वर्णन नव्हतं, ही लेखनातली चूक नव्हे. पुढे मोजणी, कमिशनर, हरकती यांत पाच वर्षं गेली. पक्षकार म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून भूमी अभिलेखाच्या मोजणीचा नकाशा जोडल्याशिवाय ताब्याचा दावा मी सहीसाठी पुढे ठेवत नाही.

म्हणून हुकूमनामा आणि अंमलबजावणी या दोन गोष्टी वेगळ्या धर. संहितेत एकावन्न ऑर्डर आहेत, त्यांतली सगळ्यात लांब ऑर्डर २१, आणि ती सबंध अंमलबजावणीची आहे. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं, खरं काम निकालानंतर सुरू होतं.

स्थावर-जंगम या फरकावर थोडं थांबतो, कारण आंबा त्यासाठी फार चांगला शिक्षक आहे. आंब्याचं झाड जमिनीत रुजलेलं, ते स्थावर. पण त्या झाडावरचं फळ नोंदणी कायद्यात जंगम आहे, व्याख्येत तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून व्यापारी या मोसमाचं फळ विकत घेतो तेव्हा दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे जावं लागत नाही. पण बागेत शिरून वर्षानुवर्षं फळ काढून नेण्याचा हक्कच दिला तर? सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली आनंद बेहेरा प्रकरणात चिलिका सरोवरातले मासे पकडून नेण्याचा हक्क हा स्थावरातला हक्क धरला आणि नोंदणीकृत दस्त नसल्याने मागणाऱ्यांना तो मिळाला नाही. खाडीतले मासे काय आणि बागेतला हापूस काय, वस्तू विकली की हक्क दिला, हे आधी ठरवायचं.

आता ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि रायगड-दापोलीकडच्या बागा आडव्या झाल्या. समज, एखाद्याने तीन वर्षांसाठी बाग कराराने दिली होती आणि विसार घेतला होता. झाडंच गेली. करार मोडला असं म्हणायचं का? संविदा अधिनियम १८७२ चं कलम ५६ सांगतं, कुणाचाही दोष नसताना करार पार पाडणं अशक्य झालं तर तो शून्य होतो. मग कलम ६५ येतं, त्यापोटी घेतलेला लाभ परत करायचा. पण त्याच बागेतली पन्नासातली दहा झाडं पडली असती तर? किंवा झाडं उभी आहेत आणि फक्त भाव कोसळला? भाव पडणं म्हणजे अशक्य होणं नव्हे, तो धंद्यातला धोका. मधल्या प्रश्नाचं उत्तर कराराच्या शब्दांत शोधावं लागतं, आणि आपल्याकडे तो करार बहुधा वहीच्या पानावर चार ओळींचा असतो.

बाकीची तत्त्वं पटकन. प्राङ्न्याय म्हणजे त्याच पक्षकारांत तोच मुद्दा सक्षम कोर्टात एकदा गुणदोषांवर ठरला की पुन्हा उकरता येत नाही. त्याच्या शेजारी ऑर्डर २ नियम २ ठेव: एका कारणातून निघणारं सगळं एकदाच मागायचं, अर्धं आज आणि अर्धं पुढच्या वर्षी असं नाही. दावा चालू असताना मिळकत विकली तर घेणारा निकालाला बांधलेला असतो, आणि महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदवावी लागते. पक्षकार वारला तर नव्वद दिवसांत वारस लावायचे. हे वाक्य छोटं आहे, पण सातबाऱ्यावर तेवीस नावं आणि त्यांतली सहा मुंबईत असली की याच एका वाक्यात दोन वर्षं जातात. मुलींचा सहदायादीतला, म्हणजे एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला, हक्क जन्माने आहे, वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, हे विनीता शर्मा निकालात २०२० साली पक्कं झालं. तुमच्या घरात आत्या असतील तर बाबांना हे जरा हळूच सांग.

अपिलं दोन. पहिल्यात तथ्यं आणि कायदा दोन्ही तपासले जातात. दुसऱ्यात, संहितेच्या कलम १०० खाली, फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न. रत्नागिरी-सिंधुदुर्गची दुसरी अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे पक्षकाराची रात्रीची गाडी बदलली. पण पाखाडी किती जुनी हे तिथे कुणी पुन्हा मोजत बसत नाही. ते तालुक्यातच सिद्ध व्हावं लागतं.

सुरुवात कुठून करू, असं विचारलं होतंस. संहिता पहिल्या कलमापासून वाचू नकोस, कंटाळशील. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलीस की बाबांकडून सातबारा घे आणि त्यावरचे फेरफार क्रमांक बघ. वर्तुळात जुने आकडे असतील. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफारांच्या नकला काढ. प्रत्येक फेरफारात लिहिलेलं असतं, नाव कशावरून लागलं: खरेदीखत, वारस, वाटप की कूळ म्हणून. मग तो मूळ कागद शोध. पत्र्याच्या ट्रंकेत जुनं वाटपाचं पान सापडलं तर नीट वाच. त्या पानानेच वाटप केलंय की आधी तोंडी झालेल्या वाटपाची ती नुसती याद आहे? पहिलं असेल तर नोंदणी लागते, दुसऱ्याला लागत नाही. पान तीस वर्षांहून जुनं असेल आणि योग्य ठिकाणी जपलेलं असेल, तर त्यावरच्या सह्या खऱ्या धरता येतात. त्याला इस्त्री करू नकोस, लॅमिनेशन तर अजिबात नको. नंतर मोजणीचा नकाशा घेऊन बांधावरून एक फेरी मार आणि बघ, नकाशातली हद्द आणि प्रत्यक्षातला गडगा एकाच ठिकाणी आहेत का. तीन रकाने भर. कुठला रिकामा राहिला ते कळव, पुढचं त्यावरून सांगतो.